एका बहराची किंमत

त्याचा फोन मी बंद केला नाही. तो गेल्यावर कितीतरी महिने तो फोन माझ्या पुस्तकांच्या कपाटावर चार्जरला लावलेला असे आणि दिवसातून दोन-तीनदा वाजे. पलीकडचा माणूस आधी जरा घुटमळायचा. माझा नवरा गेला हे सगळ्यांना ठाऊक होते, डहाणूत अशी बातमी लपून राहत नाही. तरी लोक त्याच नंबरवर फोन करत आणि मी उचलला की हळू आवाजात म्हणत, "वहिनी, ते जरा अडकलंय."

ते म्हणजे त्याने लिहिलेले सॉफ्टवेअर. छोटे कारखाने आणि चिकूच्या वाड्या यांच्यासाठी होते ते. कच्चा माल किती आला, तयार किती झाला, कुणाकडे किती गेला, एवढेच त्यात दिसे. डहाणूपासून तलासरीपर्यंत तीसेक गिऱ्हाइके होती. आम्ही त्याला छान नाव दिले होते, पत्रकावर छापलेही होते, पण ते नाव कुणी कधी उच्चारले नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही.

मला प्रोग्राम लिहिता येत नाही. मी एका शाळेच्या ग्रंथालयात काम करायचे. फोनवर मी सगळ्यांना एकच उपाय सांगे: बंद करा, पाच मिनिटे थांबा, पुन्हा सुरू करा. निम्म्या वेळा तेवढ्याने भागते असे तोच मला एकदा म्हणाला होता. उरलेल्या निम्म्यासाठी वापीचा एक तरुण होता. पूर्वी तो माझ्या नवऱ्याच्या हाताखाली काम शिकला होता आणि त्या ओढीने सगळे सांभाळत होता. एक दिवस तो घरी आला, चहा घेतला आणि खाली मान घालून म्हणाला की उन्हाळा संपेपर्यंत तो असेच बघेल. पुढे मात्र वर्षाची काही रक्कम ठरवावी लागेल. शिवाय गिऱ्हाइकांच्या सगळ्या नोंदी ज्या भाड्याच्या यंत्रावर राहतात, त्याचे भाडे माझ्या पगारातून जात होते. तेही फार दिवस चालण्यासारखे नव्हते.

म्हणजे दोनच वाटा होत्या. प्रत्येक गिऱ्हाइकाकडे दरवर्षी पैसे मागायचे, नाहीतर उन्हाळ्याच्या शेवटी सॉफ्टवेअर बंद करायचे. आणि अडचण अशी की गिऱ्हाइकांनी त्याची पूर्ण किंमत आधीच देऊन टाकली होती, एकदाच, उक्ती. या उक्त्या किमतीविषयी सांगायचे तर मला मागे जावे लागेल.

*

२०१४च्या दिवाळीनंतर आम्ही डहाणूला राहायला आलो. त्याआधी तो मुंबईत एका मोठ्या कंपनीत होता. तिथे तो जे लिहायचा ते कोण वापरते हे त्याला कधी दिसले नाही. त्याला ते बघायचे होते, म्हणून नोकरी सोडली. त्याच्या आईचे माहेर इथले, लहानपणीच्या सुट्ट्या इथेच गेलेल्या. मला ग्रंथालयात जागा मिळाली आणि घर चालेल एवढी सोय झाली.

पहिले गिऱ्हाईक म्हणजे फुग्यांचा कारखाना. मालक गुजराती बोलणारे, वडिलांपासून हाच धंदा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काकांना सॉफ्टवेअर नको होते. दुपारी सोबतीला कुणीतरी हवे होते, म्हणून ते म्हणाले, "बस ने भाई, बघ आमचं काम." हा खरोखर दिवसभर बसला. लाकडी फळ्यांना खाली तोंड करून साचे लावलेले असतात, ती फळी रबराच्या रंगीत दुधात बुडते, वर येते, गरम खोलीतून फिरून जाते, मग बायका एकेक फुगा पावडर लावून साच्यावरून अलगद ओढून काढतात. तिथल्या अमोनियाच्या वासाने संध्याकाळी त्याचे डोळे लाल झाले होते. पण घरी आला तो खुशीत.

"काकांना एकूण फुगे किती हे नकोच आहे," तो म्हणाला. "कुठला रंग संपत आलाय ते हवंय. पाकिटात सगळे रंग लागतात. एक लाल कमी पडला की बाकीचे सगळे फुगे बसून राहतात."

म्हणून पहिल्या पडद्यावर आकडे नव्हतेच. रंगांचे उभे पट्टे होते, माल वाढला की चढणारे आणि गेला की उतरणारे. मी रात्रीचे ताट वाढत होते आणि तो लॅपटॉप उचलून मला दाखवायला आला. निळा अर्ध्यावर, पिवळा काठोकाठ, लाल तळाशी. घोलवडच्या किनाऱ्यावर दिवस बुडताना पाणी असे दिसते. मी तसे म्हटले तर तो म्हणाला, "मग बरोबर जमलंय."

मला त्यात एक काम होते. पडद्यावर उमटणारी वाक्ये मी लिहायची. त्याला मराठी पडद्यावर हवी होती आणि त्याची स्वतःची मराठी परीक्षेच्या पेपरासारखी होती. कुणी भलतेच वजन टाकले तर यंत्राने काय म्हणावे? इतर प्रोग्राम लाल अक्षरांत 'चूक' असे म्हणत. मी लिहिले, 'हे वजन जरा जास्त वाटते. पुन्हा एकदा पाहाल का?' अशी दोनशेच्या वर वाक्ये मी लिहिली असतील. ग्रंथालयात दुपारची शांतता असताना, पुस्तकांच्या चिठ्ठ्यांच्या मागच्या बाजूला. तेव्हा मला ती फार महत्त्वाची वाटली नाहीत.

*

किंमत मात्र ठरेना. सगळे सॉफ्टवेअरवाले दरमहा दर माणसामागे पैसे घेतात हे त्याला माहीत होते. त्याने तसा तक्ताही केला होता: लहान, मध्यम, मोठा. तक्ता घेऊन तो काकांकडे गेला. काकांनी तो चष्मा लावून, चष्मा काढून पाहिला आणि विचारले, "आमच्याकडे एकच कम्प्युटर, त्यावर सकाळी मुनीम बसतो, दुपारी मी झोपतो. तर मी कितवा माणूस?"

मग चिखल्याला गेलो. तिथे एका काकूंची चिकूची वाडी आहे. आधी आम्ही चूक केली ती अशी की दोन तास काकूंच्या नवऱ्याला सगळे समजावून सांगितले. ते झोपाळ्यावर बसले होते. प्रत्येक गोष्टीला "वा" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "फारच उत्तम आहे. आता हिला विचारा." काकू मागे उभ्या होत्या, कमरेला पदर खोचलेला, हात चिकूच्या चिकाने काळे. वाडी त्याच बघत. त्या दिवसापासून आम्ही कुठेही गेलो की आधी हात बघायचो. ज्याचे हात मळलेले, त्याच्याशी बोलायचे.

त्या दिवशी काकूंना वेळ नव्हता. वाडीचा एक तुकडा त्या दरवर्षी व्यापाऱ्याला उक्ता देत आणि व्यापारी आला होता. उक्ता म्हणजे झाडावरचे फळ मोजायचे नाही, तोलायचे नाही, सगळ्या बहराची मिळून एक रक्कम ठरवायची. तो माणूस सकाळपासून वर मान करून झाडांखालून फिरत होता. कुणाशी बोलत नव्हता. मध्येच एखाद्या खोडाला हात लावून उभा राही. आम्हीही थांबलो. उन्हाची जाळी जमिनीवर सरकत होती, दूर बेडणीने फळे काढणाऱ्या बायका बोलत होत्या. बेडणी म्हणजे टोकाला जाळी बांधलेला लांब बांबू, तो पानांत शिरला की पानांचा सळसळाट व्हायचा आणि पुन्हा शांत. संध्याकाळी व्यापारी ओटीवर आला, पाणी प्यायला आणि त्याने एक आकडा सांगितला. काकूंनी दुसरा सांगितला. तिसऱ्यावर ठरले.

माझा नवरा हे एखादी गोष्ट ऐकावी तसे बघत होता. परत येताना सुरूच्या बनाजवळ त्याने स्कूटर थांबवली. "एक दिवस बघायचं. संध्याकाळी एक आकडा," तो म्हणाला. "हीच माझी पद्धत."

आणि तीच त्याची पद्धत झाली. प्रत्येक गिऱ्हाइकाकडे तो एक दिवस नुसता बसे. कुणी कुठे अडते, कोण कुणाला हाक मारते, कोणती वही सारखी उघडली जाते, ते बघे. संध्याकाळी एकच रक्कम सांगे. त्यात सगळे आले: बसवणे, शिकवणे, पुढची दुरुस्ती. काकूंच्या वाडीत तो असा बसला तेव्हा त्याने फळे निवडणाऱ्या बायकांना विचारले की मोठे, मध्यम, बारीक हे ढीग त्या कशावरून लावतात. एक म्हणाली, "नजरंनं." याला ते प्रोग्राममध्ये कसे घालावे कळेना. शेवटी त्याने एक रिकामी चौकट ठेवली, तिला 'नजर' नाव दिले, आणि निवडणाऱ्या बाईला जे वाटेल ते तिथे लिहायची सोय केली. काकू ती चौकट सगळ्यात जास्त वापरत.

पण त्याने ती पद्धत अर्धीच उचलली होती. हे आम्हा दोघांनाही तेव्हा ठाऊक नव्हते.

*

जाहिरात कशी करावी हे आम्हाला कधीच कळले नाही. एका चैत्रात त्याने विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या यात्रेत दुकान मांडायचे ठरवले. यात्रेला सगळा मुलूख येतो, त्यात कारखानदारही असणारच, असा त्याचा हिशेब. एका बाजूला बांगड्यांचे दुकान, दुसऱ्या बाजूला शेव-जिलेबीचे, मध्ये आम्ही, एक टेबल, एक लॅपटॉप आणि 'आपल्या व्यवसायाचा विश्वासू सोबती' असा फलक. ते शब्द माझे. अजून आठवले की कानशिले गरम होतात.

लोक येत होते. विचारत होते की जातीच्या दाखल्याचे अर्ज इथेच का. रेशनकार्डात नाव चढवायला किती घेता. एका आजोबांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "यात सिनेमा कधी लागतो?" दुपारी एक फुगेवाली बाई उन्हाने दमून आमच्या मांडवात आली, फुग्यांचा घोस तिने टेबलाच्या पायाला बांधला आणि सावलीत बसली. फुगे काकांच्याच कारखान्यातले होते. माझ्या नवऱ्याने तिला विचारले, कोणता रंग जातो, कोणता राहतो. पिवळा राहतो, ती म्हणाली, उन्हात दिसतच नाही. त्याने वही काढून लिहून घेतले. पुढे काकांच्या पडद्यावरचा पिवळा पट्टा उन्हाळ्यात आपोआप कमी माल मागू लागला.

त्या दिवशी एकही गिऱ्हाईक झाले नाही. उरलेली पत्रके उचलून न्यायचा कंटाळा आला म्हणून शेजारच्या शेववाल्याला देऊन टाकली. आठवड्याने तलासरीहून फोन आला. महामार्गालगत पुठ्ठ्याची खोकी करणारा एक कारखाना होता, तिथली देखरेख करणाऱ्या बाईंचा. त्यांनी यात्रेत शेव खाल्ली होती आणि रिकामा झालेला कागद वाचला होता. "तेलाच्या डागाखाली नंबर आहे," त्या म्हणाल्या, "शेवटचा आकडा सात का एक ते सांगा." मग त्याच हसल्या, नंबर बरोबर लागला होता म्हणून.

त्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या. घरी भात आणि नागलीची शेती, स्वतः बारावी शिकलेल्या. कारखान्याचा मालक आठवड्यातून एकदा येई, बाकी सगळे यांच्यावर. आमच्या प्रोग्रामविषयी त्या म्हणाल्या, "हे फार नीट बोलतं. आमच्या शेठनी आजवर कधी 'पुन्हा एकदा पाहाल का' असं विचारलं नाही." नवऱ्याने घरी येऊन मला ते जसेच्या तसे सांगितले. त्या आठवड्यात मी आणखी वीस वाक्ये लिहून दिली.

*

वर्षे गेली. गिऱ्हाइके वाढली, तसे त्यांचे फोनही. कुणाचा कम्प्युटर बदलला, कुणाच्या धंद्यात मुलगा आला, त्याला नवीन काहीतरी हवे झाले. मग कराची नवी पद्धत आली आणि सगळ्यांची बिले बदलून द्यावी लागली. दोन महिने तो दुसरे काही करत नव्हता. त्या कामाचा एक रुपया आला नाही, कारण तो मागितलाच नव्हता.

आमचे भांडण झाले ते तेव्हा. आम्ही दोघे हळू बोलणारे, त्यामुळे ते भांडण आहे हे शेजाऱ्यांना कळले नसेल. मी म्हटले की झाडाला एकदा फळ येऊन संपते म्हणून उक्ते परवडते, तू तर दर महिन्याला नवीन फळ देतोस. तो म्हणाला, "उक्तं दिलंय. आता परत कुठल्या तोंडाने मागू?"

"वर्षाचं ठरवून माग."

"तू असतीस तर मागितलं असतंस?"

मला ग्रंथालयात उशिरा आलेल्या पुस्तकाचा दंडही मागता येत नसे.

गिऱ्हाइकांचे प्रेम मात्र पुष्कळ होते. काका फुगे पाठवत. आम्हाला मूल नाही, ते फुगे मी शाळेत वाटून टाकत असे. आणि काकूंकडून दरवर्षी एक चिकूची पेटी येई. वर कागद, खाली गवत, एकसारखी फळे. बहर संपताना येई. आम्ही ती पिकवून खायचो, शेजारी द्यायचो, काकूंना फोन करून फळ साखरेसारखे होते म्हणून सांगायचो. काकू म्हणायच्या, "मिळाली ना पेटी? बरं." आणि क्षणभर थांबायच्या. आम्हीही थांबायचो. मग फोन ठेवायचो.

२०१८चा पावसाळा सरत असताना, एका सकाळी, चहा गाळता गाळता तो खाली बसला. त्याविषयी मला एवढेच लिहिता येते. चहाचे गाळणे किती तरी दिवस मी तिथेच ठेवले होते.

*

त्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन हलू लागली. तलासरीच्या बाजूला जास्त. भांडी वाजायची, कुत्री आधी उठायची, मग आपल्याला कळायचे. लोक घराबाहेर झोपू लागले. तलासरीच्या बाईंनी कम्प्युटर कारखान्यातून काढून बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेला आणि तिथून त्या मला फोन करत. एकदा बोलता बोलता त्या थांबल्या, म्हणाल्या, "थांबा मॅडम, हललं." आम्ही दोघी फोन कानाला धरून उभ्या राहिलो. माझ्या कपाटात एक पुस्तक आडवे झाले. मग त्या म्हणाल्या, "गेलं. हां, तर ते पावतीचं सांगत होते." मला वाटले की शोकही असाच आहे. येतो तेव्हा उभे राहायचे, गेला की पावतीचे बोलायचे.

वापीचा तरुण प्रोग्राम आतून वाचत होता. एकदा त्याने फोन केला. म्हणाला, "ताई, सर मध्येमध्ये स्वतःसाठी मराठीत लिहून ठेवायचे. तुम्हाला वाचून दाखवू?" आणि त्याने वाचले: 'ही काकूंची नजर. कोडमध्ये जागा खाते, पण काढू नये.' पुढे, 'पिवळ्याचे यात्रेतल्या बाईने सांगितले.' आणि एका ठिकाणी, 'हे वाक्य तिचे. बदलायचे असेल तर तिला विचारणे.' मी त्याला म्हटले, बाकीचे पुन्हा कधी.

तेव्हा मला कळले की हे बंद झाले तर काय बंद होईल. तो ज्यांच्याकडे दिवसभर बसला त्या सगळ्यांचे दिवस त्यात होते. तो आणखी कुठेच इतका उरला नव्हता.

मग मी पत्र लिहायला घेतले. सर्व गिऱ्हाइकांना, वर्षाच्या शुल्काविषयी. 'आपणांस कळविण्यात येते' असे सुरू केले, खोडले. 'आपले आणि आमचे संबंध' असे सुरू केले, तेही खोडले. दोनशे वाक्ये जिने दुसऱ्यांसाठी लिहिली तिला हे एक जमेना. कितीही मऊ लिहिले तरी त्याचा अर्थ असा निघे की त्याने दिलेला शब्द मी मोडते आहे. चैत्र गेला. अकरा मसुदे झाले. वापीच्या तरुणाने काही विचारले नाही, पण फोन करणे कमी केले.

शेवटी पत्र बाजूला ठेवले आणि एका सकाळी रिक्षा करून चिखल्याला गेले. ठरवले एवढेच, की आकडा सांगायचाच असेल तर आधी एक दिवस बसायचे.

*

काकूंनी का आलात असे विचारले नाही. एक पेटी उलटी करून त्यावर गोणपाट टाकले आणि म्हणाल्या, "बसा." झोपाळ्यावरून त्यांचे यजमान "वा" म्हणाले.

मी बसले. बेडण्या वर जात होत्या, खाली येत होत्या. फळे पाण्याच्या पिंपात पडत, चोळली जात, ओली तपकिरी होऊन बाहेर येत. निवडणाऱ्या बायका न बघता तीन ढीग लावत होत्या. ओटीवर कम्प्युटर होता, त्यावर धुळीसाठी काकूंच्या जुन्या साडीचा तुकडा. मध्येच काकू हात पुसून यायच्या आणि एका बोटाने काहीतरी लिहायच्या. पडद्यावर माझे एखादे वाक्य उमटे, काकू त्याला "हो हो, बघते" असे उत्तर देत, माणसाला द्यावे तसे. तो इथे बसला असेल तेव्हा त्याला काय काय दिसले असेल, ते मी बघायचा प्रयत्न करत होते. दुपारी मला बहुतेक डुलकी लागली, कारण एकदा वाटले की झाडांखालून तो वर मान करून फिरतो आहे आणि आता संध्याकाळी येऊन आकडा सांगेल.

जेवण झाले, ऊन उतरले, बायका घरी गेल्या. काकू माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"यंदाही पेटी मिळाली ना?" काकूंनी विचारले.

मी म्हटले, मिळाली. फळ फार छान होते. तुम्ही दरवर्षी आठवणीने पाठवता.

काकू झोपाळ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत? यांना ठाऊकच नाही." आणि मला म्हणाल्या, "वहिनी, ती पेटी खायला नसते. म्हणजे खायचीच, पण आमच्याकडे वाडी उक्ती घेतलेला माणूस बहर सरला की शेवटच्या तोडीची पेटी मालकाच्या घरी पाठवतो. म्हणजे तो विचारतो, झालं का? मग मालक येतो, फाटकाशी उभा राहून म्हणतो, बहर झाला. तेव्हा जुना सौदा सुटतो आणि पुढचा भाव बोलायचा. घेणाऱ्याने आपल्या तोंडाने कसं म्हणायचं? ते देणाऱ्याने म्हणायचं असतं."

म्हणजे आमच्या सौद्यात घेणाऱ्या काकू होत्या आणि देणारे आम्ही.

"दरवर्षी पाठवली," काकू म्हणाल्या. "भाऊ फोन करायचे ते फळ गोड होतं म्हणून सांगायला. मी म्हटलं, मोठा माणूस आहे, मागायचं नसेल त्याला. हे म्हणाले, अगं, शिकलेली माणसं, त्यांचा बहर लांब असेल."

"मी असं म्हटलं होतं," यजमान म्हणाले.

पाच पेट्या. आम्ही खाल्ल्या होत्या, वाटल्या होत्या, बियासुद्धा अंगणात पुरल्या होत्या. मला हसू आले आणि ते हसू मध्येच कुठेतरी बदलले. काकूंनी चिकाने काळा झालेला हात माझ्या पाठीवर ठेवला आणि मला थांबवले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आता तुम्हालाच म्हणावं लागेल. भाऊ नाहीत."

फाटक ओटीपासून वीस पावलांवर होते. मी चालत गेले. पलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे सुरूची झाडे, त्यांच्यामागे समुद्र असतो तो आवाजाने कळत होता. तो गेला त्या सप्टेंबरपासून हे मी कुणाला म्हटले नव्हते, घरातसुद्धा, एकटीनेसुद्धा.

"बहर झाला," मी म्हटले.

काकू मागे उभ्या होत्या. "झाला," त्या म्हणाल्या. "आता भाव सांगा."

मी आकडा सांगितला. काकूंनी लगेच त्यातून काही कमी करून दुसरा सांगितला. मी हो म्हणणार होते. त्या म्हणाल्या, "अहो, घासाघीस केली नाही तर घरी जाऊन तुम्हाला वाटेल की काकूने दया केली. वाढवा जरा." मी जरा वाढवला. तिसऱ्यावर ठरले, वर्षाचे.

*

बाकीच्यांकडेही मी एकेक दिवस बसले. सगळे काकूंसारखे नव्हते. सहा जणांनी सोडले, त्यांतल्या दोघांनी कडवट बोलून. काका बराच वेळ गुजरातीत कुणाला तरी, बहुधा माझ्या नवऱ्यालाच, रागावत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बेन, पण पिवळ्याचं तेवढं राहू द्या." पावसाच्या आधी वापीच्या तरुणाला मी हो म्हणून कळवू शकले.

त्याला मी एक नवीन वाक्यही पाठवले. वर्ष भरले की पडद्यावर ते एकदा दिसावे, खाली 'हो' आणि 'नाही' अशा दोन चौकटी असाव्यात. ते पहिल्या मसुद्यातच जमले: 'बहर झाला. नवा बहर धरायचा का?' त्याने विचारले, तुमच्या जुन्या वाक्यांत कुठे लावू? मी म्हटले, शेवटी लाव, आणि बाजूला लिहून ठेव की हे वाक्य तिचे.

वर्ष भरून ते दिसू लागले तेव्हा पहिला फोन तलासरीहून आला. मी त्याचाच फोन उचलला, अजून तोच नंबर आहे.

"मॅडम, हे काय विचारतंय? आमच्या खोक्यांना कुठला बहर?"

मी सांगू लागले, चिखल्याच्या वाडीची पद्धत आहे म्हणून.

"ते असू दे," त्या म्हणाल्या. "शेठना फोन करून विचारलं. मग मी 'हो' दाबलंय. आता यानं पुढं काही बोलायला पाहिजे ना? नुसतंच बघत बसलंय माझ्याकडं."

'हो' म्हटल्यावर पुढे काय म्हणायचे, ते वाक्य लिहायचे माझ्याकडून राहूनच गेले होते. मी त्यांना म्हटले, पाच मिनिटे थांबा, आणि चिठ्ठी शोधू लागले.